काळी पाचची कुळकथा

नळदुर्गच्या खंडोबापुढे जागरणाला उभा राहिलेला वाघ्या आधी तुणतुण्याची खुंटी पिळतो. गळा जिथे लागेल तिथे तार येते. त्या सुराला नाव लागत नाही. ज्याच्या काळात इथल्या किल्ल्यात पाणीमहाल उभा राहिला, तो दुसरा इब्राहिम आदिलशहा आपल्या तंबोऱ्याला 'मोतीखाँ' म्हणे. षड्जाला मात्र त्यालाही नाव लागलं नसणार. अडचण भोकांच्या वाद्याची. सनईची नळी कोरली की षड्ज ठरला. मग पत्ती आत दाबून सूर जरा चढवा, भोकाला मेण लावून जरा उतरवा. त्यापलीकडे इलाज नाही.

स्कॉटलंडच्या बॅगपाइपची हीच गत, फक्त मेणाऐवजी चिकटपट्टी. तिचे वादक मुख्य सुराला 'ए' म्हणतात, म्हणजे आपल्या पेटीची पांढरी सहा, सप्तकातली सहावी पांढरी पट्टी. वाजते मात्र काळी पाच, तीही चढी. पेटीची काळी पाच सेकंदाला ४६६ कंपनांची. आजच्या बॅगपाइपचा 'ए' ४८०च्या आसपास, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या अधेमधे. विसाव्या शतकात सूर चढत गेला, नाव जागेवर राहिलं. वाद्यवृंदात वाजवायचं तर ४६६ची वेगळी नळी लावावी लागते.

नाव आणि सूर यांची ही फारकत आपल्या पेटीतही आहे, हे ध्यानात आलं आणि मी काळी पाचच्या मागे लागलो.

पेटी पॅरिसची, १८४०च्या सुमाराची, हातपेटी कोलकात्याची. पण षड्ज पट्टीच्या रंगाने सांगायची रीत कुठली? तमिळ मुलखात 'कट्टै', म्हणजे लाकडाची पट्टी, मोजतात आणि काळीला अर्धी धरतात. लांब 'बारी' नागस्वरम् अडीच कट्टैचं, म्हणजे आपली काळी दोन. आपण रंग मोजतो. हिंदीतही 'काली एक' आहे, म्हणून काही जण म्हणतात की पेटीबरोबर रीतही उत्तरेतून आली. मला ते पटत नाही. मैफलीचा गवई तंबोरा आपल्या गळ्याला मिळवतो. त्याला नावाची गरजच नाही. गरज नाटक मंडळीला. एका रात्री चार पात्रं गाणार, प्रत्येकाची पट्टी वेगळी, पेटी एकच. पडदा उठण्याआधी पेटीवाल्याला दोन शब्दांत सांगता आलं पाहिजे. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांत गोविंदराव टेंबे हे नामांकित पेटीवादकच होते. रेडिओला हे श्रेय देता येत नाही, कारण १९४० पासून तीसेक वर्षं तिथे पेटीलाच बंदी होती. माझ्या मते ही रीत रंगभूमीनेच रुळवली.

मात्र नाव पक्कं झालं तेव्हा सूर पक्का नव्हता. पॅरिसने १८५९ साली पांढरी सहा ४३५वर बांधली, जुन्या इंग्रजी वाद्यांत ती ४५२पर्यंत जाई, आणि ४४० ठरली १९३९ साली लंडनच्या परिषदेत. ४३५ आणि ४५२ यांत अर्ध्या सुराच्या निम्म्याहून जास्त अंतर. दोन जुन्या पेट्यांवरची 'काळी पाच' म्हणूनच एकमेकींशी जुळत नाही.

तेव्हा सनई किंवा सोलापूरकडची छोटी सनई, सुंदरी, करून घेताना कारागिराला नुसतं 'काळी पाच' सांगू नका, आकडाही सांगा: ४६६. नळी कोरून झाल्यावर मेण फार दूर नेत नाही.