थोरल्या सुनेचा भार उतरवणारा जपानी विमा

घरातल्या वृद्धांचे करायचे कोणी, या प्रश्नाला जपानमध्ये फार काळ एकच उत्तर होते : थोरल्या मुलाची बायको. तिला झेपेनासे झाले की रुग्णालय. 1973 मध्ये सत्तरीपुढच्यांना औषधोपचार मोफत झाले आणि केवळ घरी पाहणारे कोणी नाही म्हणून वृद्ध महिनोन्‌महिने रुग्णालयातल्या खाटांवर पडून राहू लागले.

त्यावर उपाय म्हणून 1997 मध्ये कायदा झाला आणि एप्रिल 2000 पासून ‘कायगो होकेन’ हा काळजी विमा लागू झाला. चाळिशीपासून हप्ता सक्तीचा. लाभार्थी साधारणपणे खर्चाचा दहावा हिस्सा देतो, सधनांना अधिक द्यावा लागतो. उरलेला खर्च निम्मा हप्त्यांतून, निम्मा करांतून भागतो.

अर्ज केल्यावर घरी येऊन पाहणी होते. उठता येते का, अंघोळ जमते का, स्मरण कसे आहे, हे तपासून सातपैकी एक श्रेणी ठरते. मुलगा जवळ राहतो की नाही, याचा श्रेणीशी संबंध नसतो. मग केअर मॅनेजर आठवड्याचे वेळापत्रक आखतो. मदतनीस घरी येते; ठरलेल्या दिवशी गाडी दारातून डे सेंटरला नेते, तिथे अंघोळ, जेवण, व्यायाम होतो. घरच्यांना उसंत हवी असेल तर वृद्धाला काही दिवस केंद्रात ठेवता येते. न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवायलाही पैसे मिळतात.

रोख रक्कम मात्र कुटुंबाच्या हाती दिली जात नाही. जर्मनीतल्या 1995 च्या योजनेत ती मिळते. जपानमध्ये केइको हिगुची यांच्यासारख्या महिला कार्यकर्त्यांनी तिला विरोध केला. पैसे हाती पडले की सून पुन्हा उशाशी बांधली जाईल, ही त्यांची भीती अनाठायी नव्हती.

तरीही भार पुरता उतरलेला नाही. आईवडिलांच्या देखभालीसाठी दरवर्षी सुमारे 1 लाख लोक नोकरी सोडतात. त्यातच 2015 पासून सरकारी अनुदानावरील शुश्रूषागृहांत सहसा तिसऱ्या श्रेणीपासून पुढच्यांनाच प्रवेश मिळतो. म्हणजे हलक्या श्रेणीच्या वृद्धांचा आधार घरपोच सेवाच. त्या सेवेचा मूळ दर मात्र सरकारने एप्रिल 2024 मध्ये कमी केला. तोही मदतनीसांची टंचाई असताना, आणि आहेत त्यांपैकी अनेक जणी स्वतःच साठीपुढच्या असताना.