बोरघाट ते संगणक : वायद्याच्या तपासणीची दीडशे वर्षे

पुढच्या तारखेला द्यायच्या मालाचा भाव आज पक्का करणे म्हणजे वायदा. माल कोणत्या प्रतीचा, तो केव्हा पोचणार आणि भाव काय, या तीन गोष्टींची खात्री असेल तरच वायद्याला अर्थ उरतो. मुंबईच्या वायदेबाजाराला ही खात्री एकदम मिळाली नाही. ती टप्प्याटप्प्याने आणि बहुतेक वेळा ठेच लागल्यावर मिळाली. आज असे सौदे संगणकातले नियम करतात. सकाळी घेतलेला सौदा ते संध्याकाळच्या आत सोडतात. असा नियम खऱ्या पैशावर सोडण्याआधी कसोटीला लावायची पद्धत नवी आहे, पण तिची गरज फार जुनी आहे. तिची सुरुवात मावळातल्या घाटापासून पाहता येते.

घाट आणि कापूस

14 जून 1858 रोजी खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि 1860 मध्ये रूळ सोलापूरपर्यंत पोचले. खाली मुंबईहून येणारी गाडी खोपोलीला थांबत असे. मधला बोरघाट मात्र अजून रेल्वेने जोडलेला नव्हता. सोलापूरकडचा कापूस खंडाळ्याला उतरवायचा, बैलगाड्यांवर घालून घाटाखाली न्यायचा आणि खोपोलीला पुन्हा डब्यात भरायचा, असा सगळा खटाटोप होता. पावसाळ्यात लोणावळा-खंडाळ्याच्या धुवाधार पावसात हा प्रवास किती दिवस घेईल, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नसे. नेमक्या याच काळात, एप्रिल 1861 मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली.

घाटमार्गाचे काम 1856 मध्ये सुरू झाले होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये भारतात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट पुढे चालवले. पंचवीस बोगदे, पावणेसोळा मैलांची लांबी आणि 1,831 फुटांची चढण असलेला हा मार्ग 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते खुला झाला. काही ठिकाणी 37 फुटांमागे एक फूट इतका तीव्र चढ आहे. दख्खनचा कापूस मुंबईला केव्हा पोचेल, हे आता वेळापत्रक पाहून सांगता येऊ लागले.

या घाटात उतरत्या गाडीसाठी एक व्यवस्था आहे. मुख्य रुळाला लागून चढावर जाणारे आडरूळ ठेवलेले आहेत. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. सांधे एरवी या आडरुळाकडेच वळवलेले असतात. गाडी ठरल्या जागी थांबून ब्रेक ताब्यात असल्याचे दाखवते, तेव्हाच तिला मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक निकामी झालेली गाडी आपोआप चढावर जाऊन थांबते. आपली गाडी ताब्यात आहे हे गाडीनेच सिद्ध करायचे, असा हा दंडक आहे. बाजाराला तो उमगायला फार वर्षे लागली.

1865 ची पडझड

कापसाच्या पैशाने मुंबईत कंपन्यांचे पेव फुटले. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरला दर्शनी किमतीच्या कितीतरी पट भाव आला. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँका कर्जे देत होत्या. व्यापाऱ्यांनी 1 जुलै 1865 या तारखेचे शेअरचे वायदे करून ठेवले होते. एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि ती तारीख आली तेव्हा देणी फेडायला कोणाकडेच पैसा नव्हता. दिवाळखोरी निस्तरण्यासाठी सरकारला 1865 चा अठ्ठाविसावा कायदा करावा लागला. भाव चढत राहतील हे सर्वांनी गृहीत धरले होते. भाव उतरला तर काय होईल, याची तपासणी कोणीच केली नव्हती.

नियमांचा बाजार

यानंतर संस्था उभ्या राहिल्या. 1875 मध्ये बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन आणि शेअर दलालांची संघटना, म्हणजे आजचा मुंबई शेअर बाजार, स्थापन झाली. पुढे ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनने कापसाची प्रतवारी, तंट्यांचा निवाडा आणि वायद्याचे ठरलेले करार एका छताखाली आणले. वऱ्हाडचा कापूस ‘उमरा’ नावाने विकला जाई. हे नाव अमरावतीवरून पडले होते. तारखेपाठोपाठ मालाच्या प्रतीचीही खात्री आली.

स्वातंत्र्यानंतर वायद्यांवर सरकारचा अंकुश आला. 1952 च्या कायद्याने मालाचे वायदे नियंत्रणाखाली आले आणि 1969 मध्ये शेअरमधील वायदे-व्यवहारांवर बंदी आली. सौदा पुढे ढकलण्याची ‘बदला’ पद्धत मात्र 2001 पर्यंत अधूनमधून चालू राहिली. डॉ. एल. सी. गुप्ता समितीच्या 1998 च्या अहवालानंतर निर्देशांकाचे वायदे आले. मुंबई शेअर बाजारात ते 9 जून 2000 रोजी सुरू झाले, तर राष्ट्रीय शेअर बाजारात 12 जून 2000 रोजी. तोवर आरडाओरड्याचा बाजार मागे पडून पडद्यावरचा व्यवहार रुळला होता.

यंत्राच्या हाती सौदा

2008 मध्ये बाजाराची नियामक संस्था सेबी हिने संस्थात्मक गुंतवणूकदारांना थेट बाजारात ऑर्डर टाकण्याची मुभा दिली आणि 30 मार्च 2012 रोजी अल्गोरिदम-व्यवहारांचे नियम काढले. त्याच वर्षी धोक्याचे दोन नमुने दिसले. 1 ऑगस्टला अमेरिकेतील नाइट कॅपिटल या कंपनीने आठपैकी एका सर्व्हरवर नवी आज्ञावली चढवलीच नाही. तिथली जुनी आज्ञावली जागी झाली आणि सुमारे पाऊण तासात 44 कोटी डॉलर बुडाले. 5 ऑक्टोबरला मुंबईत एका दलाली संस्थेकडून चुकीच्या विक्री-ऑर्डर गेल्या आणि राष्ट्रीय शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी काही क्षणांत सुमारे 900 अंकांनी कोसळला. पहिली चूक आज्ञावली चढवण्यातली होती, दुसरी ऑर्डर टाकण्यातली. दोन्हींच्या वाटेत अडवणारे आडरूळ नव्हते.

नियम कसोटीला लावणे

दिवसाच्या आतल्या व्यवहाराचा साधा नियम असा असतो : बाजार 9:15 ला उघडला की पहिल्या पंधरा मिनिटांतला उच्चांक टिपायचा. तो ओलांडला की निफ्टीचा वायदा घ्यायचा, तोटा ठरल्या मर्यादेला पोचला की सोडायचा, नाहीतर 3:20 ला सौदा मिटवायचा. जुन्या भावांवर हा नियम चालवून पाहणे म्हणजे बॅकटेस्ट.

पहिली कसोटी खर्चाची. निफ्टी 25,000 वर आणि लॉट, म्हणजे एका कराराचा आकार, 2025 मधल्याप्रमाणे 75 चा धरला तर एका लॉटची किंमत 18,75,000 रुपये होते. 1 ऑक्टोबर 2024 पासून वायद्याच्या विक्रीवर 0.02 टक्के व्यवहार कर लागू झाला. तो 375 रुपये, म्हणजे प्रत्येक सौद्याला पाच अंक होत होता. आधीच्या 0.0125 टक्के दराने हाच कर सव्वातीन अंकांच्या आत होता. सरासरी चार अंक कमावणारा नियम कागदावर तोच राहिला, पण त्या तारखेपासून तोट्यात गेला. दलाली, इतर आकार आणि मनाजोगता भाव न मिळाल्याने होणारी घट यात अजून धरलेलीच नाही.

दुसरी कसोटी अवघड दिवसांची. 23 मार्च 2020 रोजी निफ्टी एका दिवसात सुमारे 13 टक्के पडला आणि व्यवहार पाऊण तास थांबले. 24 फेब्रुवारी 2021 रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराची यंत्रणा 11:40 ला बंद पडली, 3:45 ला सुरू झाली आणि व्यवहार पाचपर्यंत चालले. 3:20 ला सौदा मिटवणाऱ्या नियमाला त्या दिवशी 3:20 ला बाजारच सापडला नसता. 1 सप्टेंबर 2025 पासून निफ्टी वायद्याच्या समाप्तीचा वार गुरुवारऐवजी मंगळवार झाला. गुरुवारच्या हालचालींवर बेतलेले नियम त्या दिवसापासून जुने झाले.

तिसरी आणि सर्वांत कठीण कसोटी स्वतःच्या मोहाची. सुरुवातीच्या वेळेसाठी 12, तोट्याच्या मर्यादेसाठी 10 आणि बाहेर पडण्याच्या वेळेसाठी 8 आकडे आजमावले तर 960 जुळण्या तयार होतात. त्यांतल्या काही निव्वळ योगायोगाने झळकतात. म्हणून उपलब्ध वर्षांचे दोन भाग करतात. पहिल्या भागावर नियम घडवायचा आणि दुसऱ्या, न पाहिलेल्या भागावर एकदाच तपासायचा. तिथे नापास झाल्यावर आकडे बदलून त्याच वर्षांवर पुन्हा तपासले, तर ती वर्षे न पाहिलेली उरत नाहीत. शेजारच्या आकड्यांवरही जो बऱ्यापैकी टिकतो, तोच नियम भरवशाचा मानतात. पंधरा मिनिटांना भरघोस नफा आणि चौदा मिनिटांना तोटा असेल, तर तो नफा योगायोगाचाच समजावा.

यानंतर नियम रोजच्या चालू भावांवर, पण कागदोपत्री चालवतात. पुढची पायरी एका लॉटची. दिवसाचा तोटा ठरल्या रकमेला पोचला की सगळे सौदे मिटवून यंत्र बंद करणारी कळ पहिल्या दिवसापासून हवी. घाटातल्या आडरुळाचे काम इथे ही कळ करते.

आजची स्थिती

सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये 93 टक्के वैयक्तिक व्यवहारकर्ते तोट्यात गेले. 2023-24 मध्ये परदेशी संस्थांच्या नफ्यातला 97 टक्के आणि दलाली संस्थांच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नफ्यातला 96 टक्के वाटा अल्गोरिदमने मिळवलेला होता. 4 फेब्रुवारी 2025 च्या परिपत्रकाने सेबीने किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गोरिदमलाही नियम घातले. प्रत्येक अल्गो-ऑर्डरला बाजाराने दिलेला ओळखक्रमांक असावा आणि ग्राहकासाठी होणाऱ्या व्यवहारांची जबाबदारी दलालाची असावी, असे त्यात ठरले.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण या दीडशे वर्षांना लागू पडते, पण मागच्याने ती ठेच नीट पाहिली तरच. जुन्या भावांवरचा नफा हा नियमाचा पुरावा नव्हे, ती फक्त तपासणीची सुरुवात आहे. न पाहिलेल्या दिवसांवर, सगळा खर्च वजा करून आणि थांबण्याची कळ हाताशी ठेवून जो नियम टिकत नाही, त्यावर घरखर्चाचा एक रुपयाही लावू नये.