कॅलरीचा आकडा आणि आपलं ताट



आमच्या गटातल्या एका सुनेनं मोबाइलवर बघून ठरवलं, वजन कमी करायचं तर रोज १२०० कॅलरीच खायच्या. सकाळी खुरपणी आणि दुपारी अर्धी भाकरी. चौथ्या दिवशी तिला बांधावरच चक्कर आली. मग आम्ही शोध घेतला, हा आकडा आला कुठून?

कॅलरी म्हणजे उष्णतेचं माप. अन्नाच्या हिशेबात एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसनं तापवायला लागते तेवढी उष्णता. १८९० च्या दशकात अमेरिकेत ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञांनी बंद खोलीत माणसं ठेवून, त्यांच्या अंगातून किती उष्णता निघते ते मोजलं. १९१८ साली तिथल्याच लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी वजन उतरवण्यासाठी कॅलरी मोजायला शिकवणारं पुस्तक लिहिलं.

आपल्याकडे मात्र हा आकडा गाजला तो उपासमारीमुळं. १९७१ साली पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी गरिबीची रेघ आखली. माणशी रोज २२५० कॅलरींचं अन्न ज्या खर्चात मिळतं, तेवढाही खर्च ज्या घराला झेपत नाही ते घर गरीब. १९७९ साली नियोजन आयोगाच्या गटानं खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० असे आकडे धरले. खेड्यात अंगमेहनत जास्त, म्हणून आकडा मोठा.

यावर वाद घातला सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पां. वा. सुखात्मे यांनी. ते मोठे संख्याशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं, दोन माणसांची गरज सारखी नसते, आणि एकाच माणसाचीही रोज सारखी नसते. त्यामुळं सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशीच, असं म्हणता येत नाही. शिवाय घाण पाण्यानं पोट बिघडलं तर खाल्लेलं अंगी लागत नाही. आधी स्वच्छ पाणी द्या, असं ते सांगत.

आहारतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी दुसरी बाजू मांडली. देह कमी अन्नात भागवून घेतो खरा, पण त्याची किंमत मोजतो. वाढ खुंटते, कामाची ताकद घटते. सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

आम्हाला दोघांचंही पटलं. गावाला धान्य किती लागेल हे ठरवायला सरासरी हवीच, पण एका बाईचं ताट तिच्यावरून ठरत नाही. २०२० च्या सरकारी शिफारशीतसुद्धा बैठं काम करणाऱ्या बाईला १६६०, तर जड कष्ट करणारीला २७२० कॅलरी आहेत. गरोदरपणी त्यावर ३५० जास्त.

आमच्या गटातल्या शिलाई मशीनवर बसणाऱ्या ताईंना मोजण्याचा फायदा झाला. एका ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात हे कळल्यावर त्यांनी रोजचं तळण बंद केलं. सुनेला मात्र आम्ही पोटभर भाकरी, डाळ आणि उसळ खायला लावली, आणि रक्त तपासायला उपकेंद्रात नेलं. हिमोग्लोबिन कमी निघालं. तिला गरज होती ती लोहाची, आणि कॅलरी मोजून लोह कळत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आकडा बघण्याआधी एकमेकींना विचारा: आज काम काय केलंस? पाळी, पोट, बाळंतपण कसं आहे? आणि घरात तू कितवी जेवलीस?