लग्नाच्या छायाचित्राचा कर्ता कोण?

१/१२
लग्नाच्या अल्बममध्ये शेकडो चेहरे असतात. ते टिपणाऱ्यांचा चेहरा मात्र बहुधा एकाही पानावर नसतो. मुख्य छायाचित्रकार, त्याचा जोडीदार, दिवा धरणारा, अल्बम रचणारा: ही कामांची वाटणी कशी घडली, तिच्यासोबत कोणते व्यावसायिक दंडक आले आणि श्रेय कोणाच्या पदरी पडले, हे या धाग्यात पाहू.

२/१२
२५ जानेवारी १८५८, लंडन. राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या कन्येचा विवाह. विधीसाठी निघण्यापूर्वी टी. आर. विल्यम्स यांनी वधू आणि तिच्या आईवडिलांचा डग्युरोटाइप घेतला. राणीला कंप आवरेना. तिची छबी अस्पष्ट उमटली. चांदीचा मुलामा दिलेला तो एकच पत्रा, निगेटिव्ह नाही. साम्राज्याची सत्ताही तो क्षण परत आणू शकली नाही.

३/१२
१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कोलोडियन ओतायचे, ती संवेदनशील करायची, चित्र घ्यायचे आणि काच ओली आहे तोवर अंधारात धुवायची. हे सारे काही मिनिटांत. कॅमेऱ्याशी एक आणि अंधाऱ्या खोलीत दुसरा, अशी जोडी असली तर काम सुकर होई.

४/१२
१८७० च्या दशकाअखेर तयार कोरड्या काचा बाजारात आल्या. घाई सरली, कामे मात्र वाढली. मोठ्या स्टुडिओत चित्र घेणारा वेगळा, कागदावर छापणारा वेगळा, निगेटिव्हवरचे डाग पुसणारा वेगळा. भारतात छापील चित्रावर कुंचल्याने रंग भरणारे चितारीही त्यात आले. पुठ्ठ्यावर ठसा मात्र एकच: स्टुडिओच्या नावाचा.

५/१२
या व्यवस्थेचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे लाला दीनदयाळ (१८४४–१९०५). जन्म मेरठजवळील सरधन्याचा, शिक्षण रुडकीच्या थॉमसन कॉलेजात, नोकरी इंदूरला. पुढे सिकंदराबादेत स्टुडिओ, सहाव्या निजामाकडून ‘राजा’ हा किताब आणि १८९६ मध्ये मुंबईत शाखा. एवढा पसारा एका माणसाच्या हातून चालणे शक्यच नव्हते.

६/१२
१८९२ मध्ये दीनदयाळांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला आणि तो श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज महिलेकडे सोपवला. पडदा पाळणाऱ्या घराण्यांतील स्त्रिया परपुरुषापुढे येत नसत. तेव्हा येथे कामाची वाटणी यंत्राने ठरवली नाही. ती विश्वासाने ठरवली.

७/१२
हा दंडक आजही तितकाच जिवंत आहे. वधू सजते त्या खोलीत कोणी जायचे, कोणती चित्रे घरच्यांपुरती ठेवायची आणि कोणती जाहिरातीत वापरायची, हे कॅमेऱ्याच्या किमतीवरून ठरत नाही. ज्याला आत प्रवेश मिळतो, त्याच्यावर मर्यादेची जबाबदारीही येते. आणि चमूतील एकाने ती मोडली तर विश्वास साऱ्यांवरचा उडतो.

८/१२
विसाव्या शतकात कॅमेरा स्टुडिओबाहेर पडून लग्नमंडपात आला. १२० क्रमांकाच्या फिल्मवर सहा बाय सहा सेंटिमीटरची चित्रे घेतली, तर एका रोलमध्ये १२ चित्रे मावत. तेरावे चित्र हवे असेल तर रोल बदलायचा, आणि नेमका तेव्हाच मुहूर्त आला तर? म्हणून भरलेला दुसरा कॅमेरा हाताशी ठेवणारा मदतनीस मोलाचा ठरला.

९/१२
आपल्याकडचा अंतरपाट आठवा. मंगलाष्टके संपतात, पाट दूर होतो, अक्षता उधळतात, वधूवर एकमेकांना हार घालतात. समोरासमोर उभ्या दोघांचे पूर्ण चेहरे एका जागेवरून टिपता येत नाहीत. एकाने वराच्या मागे, दुसऱ्याने वधूच्या मागे उभे राहायचे, आणि एकमेकांच्या चौकटीत शिरायचे नाही. ही शिस्त आधी ठरवावी लागते. मुहूर्तावर सांगून होत नाही.

१०/१२
समूहचित्रासाठी तर माणसे आवरणे हेच अर्धे काम. २९ जुलै १९८१ रोजी चार्ल्स आणि डायना यांच्या विवाहानंतर बकिंगहॅम राजवाड्यात राजघराण्यातल्या पाहुण्यांना शिस्तीत उभे करण्यासाठी लॉर्ड लिचफिल्ड यांनी चक्क शिट्टी वाजवली! आपल्याकडे हेच काम घरातल्या सगळ्यांना ओळखणारी एखादी खणखणीत आवाजाची आत्या पार पाडते.

११/१२
आता मूळ प्रश्न. १९१४ च्या कायद्यानुसार, निगेटिव्ह तयार होताना ती ज्याच्या मालकीची, तोच छायाचित्राचा कर्ता मानला जाई. म्हणजे बहुधा स्टुडिओचा धनी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हे उलटवले: जो छायाचित्र घेतो, तो कर्ता. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कदार मात्र, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणारा. कलम ५७ नुसार कर्तृत्व सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो.

१२/१२
म्हणजे वराच्या मागे उभ्या असलेल्या त्या जोडीदाराने वधूचे जे चित्र टिपले, त्याचा कर्ता कायद्याने तोच आहे, मग अल्बमवर शिक्का कोणाचाही असो. म्हणून जागा, मर्यादा, मोबदला आणि नामोल्लेख हे चारही मुद्दे मुहूर्तापूर्वी लेखी ठरवणे हा या व्यवसायाचा खरा दंडक. घरातला जुना अल्बम उघडाल, तेव्हा स्टुडिओचा शिक्का जरूर वाचा. आणि त्या शिक्क्यामागे किती हात राबले असतील, तेही मोजून पाहा.