लस गावापर्यंत कशी पोचली?

श्रोतेहो, खर्डा म्हटले की १७९५ सालची मराठे-निजाम लढाई आठवते. गुरुजी ती शाळेत शिकवतातही. आज मात्र याच मुलखाला लागू पडणारी दुसरी एक लढाई सांगतो, लहान मुलांच्या जिवासाठी रोगांशी झालेली.

जेन्नरने इंग्लंडात १७९६ साली देवीची लस टोचून दाखवली. ती मुंबईस यायला सहा वर्षे लागली. का बरे? वाटेत लस उन्हाने निकामी होई. म्हणून ती माणसाच्या दंडावरच जिवंत ठेवीत. एकाला टोचायचे, आठवड्याने त्याच्या फोडातली लस दुसऱ्याला द्यायची. अशी बगदाद, बसरा करीत ती आली आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली.

पुढे ती गावोगाव न्यायची, तर मुले हवीत. पण आयांना वाटे, देवी म्हणजे मातेचा कोप. त्यात माणसाने हात घालू नये. शिवाय आपल्या बाळाच्या दंडातून काढून दुसऱ्याला द्यायचे! त्या आयांना हसू नका. परका माणूस हत्यार घेऊन दारात आला, तर आपणही मूल आत नेऊच की नाही?

पुढे उन्हात टिकणारी वाळवलेली लस निघाली. १९६२ पासून देशभर मोहीम चालली आणि १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. पण घटसर्प, डांग्या खोकला, गोवर यांच्या लशींना थंडावा लागतो, आणि काही तर पुन्हा पुन्हा टोचाव्या लागतात.

खर्डा ज्या तालुक्यात आहे, त्या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांच्या कामाच्या गावांत तेव्हा हजारी १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. आधी त्यांनी बाहेरच्या परिचारिका पाठवल्या. गावांनी त्यांना जवळ केले नाही. मग गावातल्याच बायकांना शिकवले. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकी दलित वस्तीतल्या होत्या. पण कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणती सून घाबरते, हे त्यांना ठाऊक होते.

लस टोचली की कधी ताप येतो, मूल रात्रभर रडते, आणि आई पुढच्या वेळी येत नाही. ओळखीच्या बाईने आधीच सांगून ठेवले असेल, तर ती येते. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे सांगून ठेवण्याचे काम तुम्हालाही करता येईल.