मांडवीतील बेटे : एका दिवसाची कौटुंबिक सहल

पणजीहून बाहेर पडले की अर्ध्या तासाच्या आत आपण बेटावर पोहोचू शकतो, याचा आपल्यापैकी अनेकांना विसर पडला आहे. पाहुणे आले की आपण त्यांना किनाऱ्यावर नेतो, जुन्या गोव्याची चर्चे दाखवतो, मंगेशी-शांतादुर्गेचे दर्शन घडवतो. मांडवीच्या पात्रातील चोडण, दिवाडी, वांशी, जुवे आणि कुंभारजुवे ही बेटे मात्र वाटेत असूनही राहून जातात. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता, मुलगा, सून, सात वर्षांची नात आणि ऐंशी ओलांडलेल्या काकू असे सहाजण गाडी काढून यांतील दोन बेटे सावकाश पाहून आलो. सभासदांना उपयोगी पडावी म्हणून ती वाट आणि तिच्यावरील स्थळांची माहिती येथे देत आहोत.

बेटांची ओळख

ही सर्व बेटे तिसवाडी तालुक्यात मोडतात. तिसवाडी म्हणजे तीस वस्त्यांचा प्रदेश, अशी परंपरागत समजूत आहे. 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा शहर जिंकल्यानंतर हा भाग प्रथमपासूनच त्यांच्या अमलाखाली आला. 1540 च्या सुमारास येथील देवळे पाडली गेली. भाविकांनी जमेल तशा मूर्ती आणि लिंगे नदीपलीकडे नेली. तो मुलूख तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. त्यामुळे बेटावर देवाचे मूळ ठिकाण आणि पलीकडच्या काठावर देवाचे आजचे देऊळ, अशी जोडी येथे जागोजागी सापडते. ती ध्यानात ठेवून वाट आखली, तर सहलीला अर्थ येतो.

चोडण

पणजीहून रायबंदरला जाताना आपण ज्या लांबलचक बांधावरून जातो, तो 1633-34 मध्ये लिन्यारिसच्या काउंटच्या, म्हणजे तेव्हाच्या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत बांधला गेला. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीत गाडी चढवली की काही मिनिटांत चोडण येते. उतरल्यावर लगेच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. 1988 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे पावणेदोन चौरस किलोमीटरचे, म्हणजे तसे लहानच आहे. पण सारे खारफुटीने भरलेले. बगळे, खंड्या, घारी सहज दिसतात. ओहोटीच्या वेळी चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या पाहून आमची नात तेथून हलायलाच तयार नव्हती.

येथे आमची एक चूक झाली. होडीतून आत फिरायचे तर भरती-ओहोटीची वेळ पाहून जावे लागते. आम्ही ती न पाहताच गेलो आणि होडीविना परतलो. ऑक्टोबर ते मार्च हा काळ पक्ष्यांसाठी उत्तम.

पोर्तुगीज काळात चोडणवर अमीर-उमरावांची घरे होती, जेझुइटांचे विद्यालयही होते. आज रस्त्याकडेला जुनी घरे, संत बार्थोलोम्यूचे चर्च आणि दोन्ही बाजूंना शेते लागतात. माशेलचा देवकीकृष्ण मूळचा या चोडणचा. बाळकृष्णासह असलेली देवकी माशेलला पाहिलेल्यांनी तिचे माहेर म्हणून तरी चोडणला एक फेरी मारावी.

दिवाडी

चोडणहून रायबंदरला परत येऊन आम्ही जुने गोवे गाठले आणि तेथील धक्क्यावरून दुसरी फेरीबोट घेतली. (रायबंदरहूनही दिवाडीला फेरीबोट जाते.) दिवाडीला उतरताच सरळ रस्ता, दुतर्फा पाणथळ शेते आणि समोर टेकडी दिसते. टेकडीवर पिएदादचे चर्च आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी उभे राहिलेले हे चर्च आंतोनियो जुआंव द फ्रियस या गोमंतकीय धर्मगुरूच्या आराखड्यानुसार बांधले गेले. येथे पूर्वी गणपतीचे देऊळ होते. शेजारच्या दफनभूमीतील छोट्या चॅपेलमध्ये कदंबकालीन कोरीव काम अजून पाहायला मिळते. तो गणपती टप्प्याटप्प्याने हलत अखेर खांडोळ्यात स्थिरावला. खांडोळ्याचा महागणपती तो हाच.

आमच्या काकूंचे हे कुलदैवत. चर्चच्या पायऱ्यांवर त्या थोडा वेळ बसल्या, मग नदीपलीकडे तोंड करून हात जोडले. जवळच सावलीत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्यांना विचारले, "बाय, खांडोळ्याची गो तूं?" काकू 'हय' म्हणाल्या. त्यावर ते म्हणाले, "आमचेय पूर्वज थंयचेच भक्त." पुढे दोघे भाताच्या पिकाबद्दल बोलत राहिले.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेरांचा उत्सव असतो. 'बांदेर' म्हणजे निशाण. वाड्यांच्या हद्दींवरून होणारी भांडणे मिटवण्यासाठी पोर्तुगिजांनी सीमेवर निशाणे लावली आणि लोकांनी ती पाडली, अशी याची कथा सांगतात. त्या दिवशी गर्दी मोठी होते. निवांत सहलीसाठी तो दिवस टाळावा; उत्सव पाहायचा असेल तर मात्र मुद्दाम जावे.

बेटाच्या पलीकडच्या टोकाला नार्वे आहे. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान ते हेच. कदंब राजांचे हे कुलदैवत. त्यांच्या सुवर्णनाण्यांवर याच देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख आहे. बहामनी काळात मोडलेले देऊळ विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले. 1540 मध्ये ते पुन्हा पाडले गेले. आज येथे जुनी पायऱ्यांची तळी आणि थोडे अवशेष उरले आहेत.

नदीपलीकडे

दिवाडीच्या नार्वेहून फेरीबोटीने पलीकडे उतरलो की डिचोली तालुक्यातील नार्वे लागते. दोन्ही काठांना एकच नाव आहे, कारण देवाबरोबर गावाचे नावही पलीकडे गेले. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये येथील सप्तकोटेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार करविला. तसा शिलालेख दारावर आहे. अलीकडे, 2023 मध्ये, मंदिराचे नूतनीकरण पूर्ण झाले. येथून आमोणे पुलावरून खांडोळा, पुढे माशेल, असे आलो की चोडणचा देवकीकृष्ण आणि दिवाडीचा महागणपती ही दोन्ही दर्शने होतात. वेळ असल्यास माशेलहून कुंभारजुवे जवळ आहे. तेथे सातव्या दिवशीच्या गणेश विसर्जनाला होड्या जोडून 'सांगोड' निघतात. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. कालव्याकाठच्या काही गावांत पौषात चिखलाची मगर करून पुजतात.

जे हलवता आले नाही

देव हलले, त्यांच्याबरोबर पुजारी गेले, कुटुंबेही गेली. बेटांवर राहिली ती खाजन शेती. खाडीचे खारे पाणी मातीच्या बांधाने अडवून केलेल्या या शेतात पावसाळ्यात कोरगुट हे खारेपणा सोसणारे भात पिकते. बांधात 'मानस' म्हणजे लाकडी दारांची मोरी असते. भरतीच्या वेळी ही दारे पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून शेतातले पाणी बाहेर सोडतात. मानशीपाशी मिळणाऱ्या मासळीचा दरवर्षी लिलाव होई. त्या उत्पन्नातून गावकारी बांधाची डागडुजी करी आणि उरलेल्या रकमेतून गावकरांना 'झोण', म्हणजे वाटा, मिळे.

आमची सारी नोकरी बँकेत गेली, पण देखभालीचा खर्च उत्पन्नातूनच बाजूला काढणारी इतकी साधी आणि पक्की व्यवस्था आम्ही क्वचित पाहिली. 1964 च्या कूळ कायद्यानंतर शेतीचे आणि बांधांचे व्यवहार बदलले. आज ही जबाबदारी मुख्यतः कुळांच्या संघांवर आहे. काही ठिकाणी मानशीची मासळी जास्त मिळावी म्हणून खारे पाणी आत ठेवले जाते, काही ठिकाणी कसायला माणसेच उरली नाहीत. बांधाला एकदा खांड पडली आणि ती वेळेवर बुजवली नाही, तर शेत खारट होते. पुन्हा पिकायला काही पावसाळे जावे लागतात. तोवर खारफुटी वाढली तर ते शेत परत येत नाही. दिवाडीला फेरीतून उतरल्यावर दिसणारी हिरवी शेते आणि मधूनच लागणारी पाण्याखालची पडीक खाचरे यांत फरक आहे तो एका बांधाचा.

देव तेव्हा टोपलीत घालून, होडीत बसवून पलीकडे नेता आले. बांध तसा नेता येत नाही. तो जागच्या जागीच राखावा लागतो. म्हणून या सहलीला जाणाऱ्यांनी देवळे आणि चर्चे यांबरोबर एखादी मानसही थांबून पाहावी आणि मुलांना तिचे काम समजावून सांगावे.

काही व्यावहारिक सूचना

सकाळी साडेसातपर्यंत निघावे. आम्हाला घरी परतायला संध्याकाळचे सात वाजले.

फेरीबोटींच्या वेळा, विशेषतः दिवाडी-नार्वे फेरीची, आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात. बोटीत गाडी चढवताना वयस्क मंडळींना आधी उतरवून पायी न्यावे.

बेटांवर मोठी हॉटेले नाहीत. पाणी आणि दुपारचे जेवण घरूनच न्यावे. आम्ही पोळ्या, बटाट्याची भाजी आणि सोलकढी नेली होती.

चर्च आणि देऊळ दोन्हीकडे पादत्राणे, पोशाख आणि छायाचित्रे यांबाबत तेथील रीत पाळावी. शेतात गाडी लावू नये आणि बांधावरून वाहन नेऊ नये.

सहा माणसांना एका गाडीत हा दिवस आरामात होतो. वयस्क बरोबर असतील तर चोडण आणि दिवाडी-नार्वे अशा दोन सहली कराव्यात.

परतीच्या वाटेवर नातीने विचारले, "आजोबा, देव परत बेटावर कधी येणार?" काकू म्हणाल्या, "आपण गेलो ना, म्हणजे तो आला."