प्रवरेच्या काठाकाठानं, लाल एसटीतून

डिसेंबर 1986. पहाटेचे चार वाजलेत. पाथर्डी तालुक्यातल्या एका वाडीवर, आज्जीच्या चुलीपुढं तू शेकत बसली आहेस. आज्जी दुधात मळलेल्या दशम्या फडक्यात बांधते, वर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवते आणि गाठ दोनदा ओढून बघते.

तू सातवीत आहेस. वाडीच्या बाहेर तू पाहिलेलं सगळ्यात लांबचं ठिकाण म्हणजे मढी, कानिफनाथांची यात्रा, तेही बापाच्या खांद्यावरून. आज तू एकटी निघाली आहेस. घराबाहेर राहण्याची सवय तुझ्या घरात सगळ्यांना आहे, फक्त ती आजवर मोठ्यांची होती. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली माणसं बैलगाडीत संसार भरतात आणि ऊस तोडायला फडावर जातात. आई-बाप गेले, की तू आणि आज्जी मागं. म्हणून सहलीच्या संमतीपत्रावर पालकाच्या सहीच्या जागी आज्जीचा अंगठा आहे, आणि तोही सहज उमटलेला नाही.

“पोरीची जात हाय गुरुजी. तिच्या बापाला काय सांगू?” आज्जी म्हणाली होती. गुरुजी ओट्यावर बसून राहिले. “आज्जी, बाई संगं आहेत. पोरगी जशी नेली तशी आणून देतो.” मग आज्जीनं तेलामिठासाठी राखलेल्या पैशातून सहलीचे पैसे मोजून दिले. अशा गुरुजींची नावं कुठल्या पुरस्काराच्या यादीत येत नाहीत. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलींची पहिली वेस त्यांच्याच भरवशावर ओलांडली गेली.

शाळेपुढं एसटी उभी आहे. पोरं खिडकीसाठी भांडतात. तुला खिडकी मिळते. आज्जी खालून हात वर करते, पाच रुपयांची नोट तुझ्या मुठीत कोंबते आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागते.

करंजीच्या घाटात उजाडतं. नगर जवळ येताना डोंगरावर अष्टकोनी, तीन मजली वास्तू दिसते. सगळे ओरडतात, “चांदबिबीचा महाल!” गुरुजी सांगतात, ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे. भिंगारजवळ किल्ल्याचा तट लागतो. गाडी थांबत नाही, पण गुरुजी उभे राहून बोलतात: ऑगस्ट 1942 पासून मार्च 1945 पर्यंत नेहरू इथं कैदेत होते, ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी इथंच लिहिलं. तू तट सरेपर्यंत मान वळवून बघत राहतेस. स्टँडवर कंडक्टर अभिमानानं सांगतो, की आपल्या राज्यातली पहिली एसटी याच नगर–पुणे रस्त्यावर धावली, 1 जून 1948 ला. हे सगळं तुझ्याच जिल्ह्यात घडलंय, आणि तुला आज कळतंय.

राहुरी मागं पडते. कोल्हारला पूल येतो आणि पुलाखाली नदी. “ही प्रवरा,” गुरुजी म्हणतात. डिसेंबरात वाहतं पाणी! तुझ्या गावची नदी दिवाळीलाच वाळूची वाट होते. गेल्या उन्हाळ्यात तर टँकरपुढं हंडा लावायला तू शाळा बुडवली होतीस. आता दोन्ही अंगांना ऊस लागतो. ऊस, ऊस, पुन्हा ऊस. लोणीजवळ मळीचा आंबूस वास गाडीत शिरतो, पोरं नाकं दाबतात. विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांच्या साथीनं उभा केलेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना इथलाच. 1950 साली गाळप सुरू करणारा हा आशियातला पहिला मानला जातो. गुरुजी हे सांगत असतात, पण तुझं लक्ष त्यांच्याकडं नाही.

तुला कोप्या दिसल्यात. पाचटानं शाकारलेल्या, ओळीनं उभ्या. त्यांच्यापुढं वाढं खाणारे बैल, उघडी पोरं, दोरीवर वाळणारी लुगडी. मग उसाच्या बैलगाड्यांची रांग येते. एसटी हळू होते, आणि तू एकेका गाडीवरच्या बाईचा चेहरा बघत जातेस. डोक्याला फडकं बांधलेल्या बाया सगळ्या आईसारख्याच दिसतात. एकीनं मान वर केली. ती आई नव्हती. आई कोणत्या कारखान्यावर आहे हेही तुला नीट ठाऊक नाही. “नदीकडं” एवढंच आज्जी सांगते. शेजारची मैत्रीण विचारते, “काय बघतीस गं?” तू म्हणतेस, “काय नाय.” तिचेही आई-बाप फडावरच आहेत. तीही दुसऱ्या खिडकीतून तेच बघत होती.

संगमनेर, अकोले, आणि दिवस कलता राजूर. पाच रुपयांतून तू आज्जीसाठी इथले पेढे घेतेस. रात्री एका शाळेच्या वर्गात सतरंज्या पडतात. थंडी तुझ्या माहितीतल्या थंडीहून ओली आहे. दिवा मालवल्यावर कुणीतरी मुसमुसतं, मग दुसरी, मग तू. बाई उठतात, कुणाला गप्प करत नाहीत. आपली सतरंजी ओढून तुमच्या मधोमध टाकतात आणि आपली पहिली सहल सांगू लागतात. ती गोष्ट संपायच्या आत तुला झोप लागते.

सकाळी भंडारदरा. समोर कळसूबाई, 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. तेही तुझ्या जिल्ह्याच्या सीमेवर उभं. पण तू बघतेस पाणी. डोंगरांच्या कुशीत भरलेलं, वाऱ्यानं हलणारं, पैलतीर धूसर दिसावा इतकं. एवढं पाणी एका जागी असू शकतं, यावर तुझा विश्वास बसत नाही. प्रवरा रतनगडाकडून येते, गुरुजी सांगतात. 1910 मध्ये धरणाचं काम सुरू झालं, 1926 मध्ये ते पुरं झालं, गव्हर्नर विल्सनचं नाव त्याला मिळालं. धरणात सुमारे 11 टीएमसी पाणी मावतं. ते नदीनं खाली ओझरच्या बंधाऱ्यावर जातं, तिथून डाव्या-उजव्या कालव्यांना.

“कालव्यांचं पाणी कुठं जातं, गुरुजी?”

“उसाला.”

तू गप्प होतेस. काल दिसलेला ऊस या पाण्यावरचा आहे. तो तोडायला तुझी आई जाते, कारण हे पाणी तुझ्या वाडीपर्यंत येत नाही. भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछाया वाचली होती. सह्याद्री पाऊस अडवतो, पूर्वेला कोरडं राहतं. पाठ होतं, परीक्षेत मार्कही मिळाले होते. आता तू त्या सह्याद्रीखाली उभी आहेस. सातवीतल्या मुलीला आपल्या घरची परिस्थिती नशीब म्हणून सांगितलेली असते. धरणाच्या भिंतीवर तिला पहिल्यांदा समजतं, की यात पावसाचा, डोंगराचा आणि माणसांनी केलेल्या वाटणीचाही भाग आहे. माझ्या मते सहलीचा एवढा एक क्षण वर्षभराच्या तासांइतका मोलाचा आहे.

परतताना लोणीजवळ अंधार पडलेला असतो. कोप्यांपुढं चुली पेटलेल्या आहेत. तू मैत्रिणीला सगळ्या चुली दाखवतेस, आणि या वेळी दोघी मिळून बघता.

आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय. फडावर जाणारी कुटुंबं आजही जातात, आणि सहलींचा हंगाम आजही नेमका त्यांच्या हंगामातच येतो. शालेय सहलींना एसटी भाड्यात 50 टक्के सवलत देते. तरी यादीतून आधी नावं गळतात ती याच मुलांची, त्यातही मुलींची. मुख्याध्यापकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे: यादी करताना ही नावं पहिली लिहा. आई-बापाची सही नसेल तर आजीच्या ओट्यावर जाऊन बसा, पैसे कमी पडले तर गावाकडं मागा, आणि सोबत एक बाई जरूर न्या.